तुमचे प्रश्न, माझी उत्तरं : स्पॅनिश मंडळीच्या हातात किल्ली कधी देणार?

मागच्या अंकात मी अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळ्यांवर (मंडळी म्हणजे एका चर्चचा समुदाय) जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. बहुतेक पत्रं तिकडे राहणाऱ्या आपल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची आहेत, जी अँग्लो, म्हणजे इंग्लिश बोलणाऱ्या गोऱ्यांच्या, चर्चमध्ये जातात, कमिट्यांवर आहेत, आणि ज्यांच्या चर्चमध्ये हा विषय आत्ता अगदी ऐरणीवर आलाय. सगळी पत्रं घेता येणार नाहीत, पण ज्यात बाकीच्यांचेही प्रश्न येऊन जातात अशी काही निवडलीत.

ताई, सलाम. आम्ही डॅलसजवळच्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये जातो. आजूबाजूची वस्ती आता निम्म्याहून जास्त स्पॅनिश बोलणारी आहे, आत मात्र म्हातारी गोरी मंडळी आणि आम्ही दोन-तीन देशी कुटुंबं. कमिटीत ठरतंय की दुपारी स्पॅनिश उपासना सुरू करायची, आमच्याच पाळकांचा संदेश भाषांतर करून वाचायचा आणि बाहेर मोठा बॅनर लावायचा. हे बरोबर आहे का?

हेतू चांगला आहे दादा, पण अशा पद्धतीने मंडळी उभी राहणार नाही असं मला स्पष्ट वाटतं. भाषांतर केलेला संदेश वाचून दाखवला की ती तुमचीच उपासना राहते, फक्त भाषा वेगळी. आणि बॅनर बघून चर्चमध्ये शिरणारी माणसं फार थोडी, लोक येतात ते कोणी ओळखीच्याने सोबत आणलं म्हणून, मुलांच्या शाळेत भेटणाऱ्या एखाद्या आईने सांगितलं म्हणून, नवरा हॉस्पिटलात असताना कोणी जेवण घेऊन दारात उभं राहिलं म्हणून.

आधी वस्तीत नक्की कोण राहतं ते बघा. आपण बाहेरून बघणारे सगळ्यांना एकच समजतो, पण टेक्सासमध्ये अशी मेक्सिकन घरं आहेत जी अमेरिकेची सीमा तिथे यायच्या आधीपासून त्याच जमिनीवर आहेत आणि त्यांची नातवंडं घरात इंग्लिशच बोलतात. पोर्तो रिकोची माणसं जन्मानेच अमेरिकन नागरिक असतात, त्यांना कागदपत्रांची भीती हा विषयच नसतो. व्हेनेझुएलाहून अलीकडे आलेला इंजिनीयर डिलिव्हरीची गाडी चालवत असतो, तर ग्वाटेमालाच्या डोंगरातून आलेल्या कुटुंबाची घरची भाषा माम किंवा किचे ही माया भाषा असते, स्पॅनिश त्यांनाही दुसरीच भाषा. या चौघांना एकाच वेळी, एकाच पद्धतीने, एकाच संदेशाने कसं बोलावणार? तेव्हा बॅनरचे पैसे ठेवा बाजूला आणि वस्तीतल्या शाळेत, दवाखान्यात, लॉन्ड्रीत जाऊन माणसांशी बोला.

मग दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. स्पॅनिश बोलणारा नेता सगळं ठरवून झाल्यावर आणू नका, ठरवायलाच बसवा. तुमच्याच पंथाकडे याचा चांगला आराखडा आहे. 1992 च्या जनरल कॉन्फरन्सने, म्हणजे पंथाच्या सर्वोच्च सभेने, हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषिकांमधल्या) सेवेची राष्ट्रीय योजना मंजूर केली, तिच्या गाभ्याला जोडी होती: वस्तीतलाच एक साधा विश्वासी माणूस, ज्याला ते मिसिओनेरो लाइको म्हणतात, आणि त्याला साथ देणारा एक अनुभवी पाळक. दोघं मिळून घराघरात छोटे गट सुरू करतात, बायबल अभ्यास, प्रार्थना, कोणाला नोकरी शोधायला मदत, कोणाच्या मुलाची शिकवणी, आणि त्यातून पुढे उपासना उभी राहते. म्हणजे उपासना शेवटी येते, आपण नेमकी ती आधी करायला जातो.

वेळेचंही बघा. हॉटेल, रेस्टॉरंट, साफसफाई, बांधकाम यात काम करणाऱ्याला रविवारी सकाळी सुट्टी असेलच असं नाही, त्यामुळे कित्येक स्पॅनिश मंडळ्या रविवारी संध्याकाळी किंवा आठवड्यात रात्री जमतात, आणि जमल्या की तासाभरात उठत नाहीत. कोरितोस म्हणजे छोटी छोटी गाणी, पुन्हा पुन्हा म्हणायची, टाळ्या गिटार सगळं, मग साक्षी, म्हणजे देवाचा स्वतःचा अनुभव सांगणं, मग प्रत्येकाची प्रार्थनेची विनंती नाव घेऊन, आईच्या गुडघ्यापासून भावाच्या कोर्टाच्या तारखेपर्यंत. हा वेळ खाणारा भाग नाही, तीच उपासना आहे. मेथडिस्टांचं 'मिल वोसेस पारा सेलेब्रार' हे स्पॅनिश गीतपुस्तक 1996 पासून आहे, त्यात भाषांतर केलेली गीतं आहेत तशी लॅटिन अमेरिकेत जन्मलेली गीतंही आहेत, कमिटीने निदान ते उघडून तरी बघावं.

आणि एक प्रश्न कमिटीने स्वतःला खरंखुरं विचारायला हवा की हे सगळं आपण कशासाठी करतोय. माणसं कमी झाली, छताचं काम निघालंय, बिल्डिंग वाचवायची आहे, हे जर मनात असेल तर ते उघड बोला, ताकाला जाऊन भांडं लपवू नका, कारण समोरच्याला पहिल्या महिन्यातच कळतं आपल्याला कशासाठी बोलावलंय ते.

स्पॅनिश बोलणारे लोक तर सगळे कॅथलिक असतात ना? मग प्रोटेस्टंट चर्चने त्यांच्यात काम करणं म्हणजे दुसऱ्याची माणसं पळवणं नाही का? (शिकागो)

सगळे कॅथलिक हे आता अर्धंसुद्धा खरं नाही. प्यू रिसर्च सेंटरच्या 2022 च्या पाहणीत अमेरिकेतल्या लॅटिनो (लॅटिन अमेरिकी मुळाच्या) प्रौढांपैकी 43 टक्के कॅथलिक निघाले, 2010 मध्ये हेच 67 टक्के होते. प्रोटेस्टंट साधारण 21 टक्के, आणि 30 टक्के लोक म्हणाले आमचा कोणताच धर्म नाही. म्हणजे कॅथलिक चर्चमधून बाहेर पडणारे सगळे आपल्याकडे येतायत असं नाही, खूप जण कुठेच जात नाहीत.

आणि स्पॅनिश प्रोटेस्टंट ही काल-परवाची गोष्ट नाही. बेनिग्नो कार्देनास नावाचा पूर्वीचा कॅथलिक धर्मगुरू 1853 मध्ये न्यू मेक्सिकोत सांता फेच्या चौकात मेथडिस्ट म्हणून स्पॅनिशमध्ये उपदेश करत होता, आणि 1871 मध्ये आलेहो एर्नांदेस या मेक्सिकन माणसाला टेक्सासमध्ये मेथडिस्टांनी धर्मसेवेची दीक्षा दिली. कित्येक घरांत चौथी-पाचवी पिढी मेथडिस्ट, बाप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन आहे. तुम्ही शेजारच्या कॅथलिक पॅरिशमधल्या धर्मगुरूंना जाऊन भेटा, अन्नवाटप, कायद्याची मदत यात एकत्र काम करा, पळवापळवीची शंका आपोआप कमी होते.

आमच्या चर्चची इमारत एक स्पॅनिश मंडळी दुपारी वापरते, आमच्याच पंथाची आहे. दर महिन्याला तक्रारी. स्वयंपाकघर तसंच टाकलं, मुलं हॉलमध्ये पळतात, हीटर चालू राहिला. आता बोर्ड म्हणतंय भाडं वाढवा नाहीतर दुसरी जागा बघायला सांगा. मी बोर्डवर नवीन आहे, काय बोलू? (न्यू जर्सी)

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, 'आमच्याच पंथाची आहे', तिथूनच बोला. एकाच पंथाची मंडळी आहे, तोच प्रभुभोजनाचा मेज आहे, तर मग भाडं कसलं? खर्च वाटून घेणं वेगळं आणि भाडं वेगळं. खर्च वाटून घ्यायचा तर विजेचं बिल, विमा, सफाई सगळं दोघांसमोर ठेवावं लागतं आणि दोघांनी मिळून ठरवावं लागतं. भाड्यात एक मालक असतो आणि दुसऱ्याला कधीही निघ म्हणता येतं.

पुढच्या मीटिंगला जायच्या आधी इमारतीत एक चक्कर मारा आणि नीट बघा. किल्ली किती जणांकडे आहे, त्यात स्पॅनिश मंडळीतलं कोण? फ्रिजच्या कोणत्या कप्प्यावर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी आहे, आणि ती कोणत्या भाषेत? थर्मोस्टॅटला कुलपाची पेटी बसवलीय का? बाहेरच्या पाटीवर त्यांच्या उपासनेची वेळ रंगवलीय की कागदावर छापून टेपने चिकटवलीय? रविवारच्या शाळेच्या वर्गात त्यांच्या मुलांची चित्रं भिंतीवर राहतात की दर आठवड्याला काढून ठेवावी लागतात? हे सगळं कागदावर लिहा आणि बोर्डापुढे फक्त वाचून दाखवा, तुमचं मत सांगायची गरजच पडणार नाही.

हीटर बंद करायला विसरणं हा प्रश्न दहा मिनिटांत सुटतो. पण तो सोडवायला त्यांचा माणूस मीटिंगमध्ये हवा, आणि नुसता बसलेला नको तर मत देणारा हवा. दोन्ही मंडळ्यांची मिळून इमारत समिती करा, कॅलेंडर एकच ठेवा, लग्नाच्या किंवा किन्सेआन्येराच्या तारखेला पहिला हक्क कोणाचा हे आधी बुक करणाऱ्यावर सोडा. (किन्सेआन्येरा म्हणजे मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा आशीर्वाद आणि मोठा सोहळा, कुटुंब महिनोन्महिने पैसे साठवतं, तेव्हा ऐनवेळी हॉल नाकारला तर ते घर परत येत नाही.)

अजून एक करून बघा. एरवी अशा जोड-मीटिंगमध्ये सगळं इंग्लिशमध्ये चालतं आणि स्पॅनिश बोलणारे कानाला हेडफोन लावून मागून मागून ऐकत असतात, त्यांना बोलायचं सुचेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. एखादी मीटिंग स्पॅनिशमध्ये चालवा आणि हेडफोन इंग्लिशवाल्यांना द्या. मी हे होताना पाहिलंय, एरवी गप्प बसणारी एक बाई त्या दिवशी छताच्या कामाचे तीन कोटेशन घेऊन उभी राहिली, तिचा नवरा रूफिंगच्या धंद्यातलाच होता, आणि आधीच्या कुठल्याच मीटिंगमध्ये तिला कोणी विचारलेलंच नव्हतं.

आमच्या प्रेस्बिटरीत (एका भागातल्या प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या कारभार-मंडळात) स्पॅनिश मंडळीसाठी पाळक मिळत नाही. जे येतात त्यांच्याकडे सेमिनरीची, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजची, डिग्री नसते. नियम शिथिल करावेत का? आणि पगार कुठून आणायचा?

नियम शिथिल करा असं मी म्हणणार नाही, कारण मग लोक 'कमी शिकलेला पाळक, म्हणजे कमी पगाराचा पाळक' असंच धरून चालतात. रस्ते वाढवा असं म्हणेन. इंग्लिशमधल्या तीन वर्षांच्या सेमिनरीला नोकरी, घर, मुलं सोडून जाणं बहुतेकांना शक्यच नसतं, पण शिक्षण तेवढ्याच मार्गाने मिळतं असं कुठे आहे? मेथडिस्टांमध्ये लायसन्स घेतलेल्या लोकल पास्टरसाठी (स्थानिक पाळकासाठी) कोर्स ऑफ स्टडी हा अभ्यासक्रम आहे, डॅलसच्या पर्किन्स स्कूलमध्ये तो स्पॅनिशमध्येही चालतो. बाप्टिस्टांची सॅन अँटोनियोतली शाळा 1947 मध्ये मेक्सिकन बायबल इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झाली आणि आज बाप्टिस्ट युनिव्हर्सिटी ऑफ दि अमेरिकाज म्हणून उभी आहे. असेंब्लीज ऑफ गॉड या पेंटेकॉस्टल पंथाने तर 1926 मध्येच सॅन अँटोनियो आणि सॅन डिएगोला स्पॅनिश बायबल इन्स्टिट्यूट काढली, आज त्यांच्या इतक्या स्पॅनिश मंडळ्या का आहेत याचं एक मोठं कारण मला तेच वाटतं, पाळक त्यांनी स्वतः घडवले, बाहेरून येतील म्हणून वाट बघितली नाही. हुस्तो गोन्सालेस या क्युबात जन्मलेल्या मेथडिस्ट इतिहासकाराने तर आयुष्याचा मोठा भाग याच कामाला दिला, त्यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली हिस्पॅनिक धर्मशिक्षणाची संघटना, आएथ, बायबल इन्स्टिट्यूटना प्रमाणपत्र देते, त्यामुळे तिथून शिकलेल्याला पुढे सेमिनरीचं दार उघडू शकतं. तुमच्या प्रेस्बिटरीने असे दोन-तीन जण मंडळीतूनच हेरावेत आणि त्यांची फी भरावी.

पाळक बाहेरच्या देशातून आणणार असाल तर व्हिसाचा खर्च आणि काळजी पंथाने उचलली पाहिजे, छोट्या मंडळीच्या गळ्यात घालू नका. आर-1 हा धार्मिक कामाचा व्हिसा सुरुवातीला जास्तीत जास्त 30 महिन्यांचा आणि सगळा मिळून 5 वर्षांचा असतो, आणि ग्रीनकार्डची रांग 2023 पासून फार लांबलीय, त्यामुळे पहिल्याच वर्षी वकिलाकडे जा, चौथ्या वर्षी धावाधाव करून काही होत नाही.

आता पगार. नेहमीची पद्धत म्हणजे पंथ तीन-चार वर्षं ग्रँट देतो, दर वर्षी कमी करत जातो आणि मग म्हणतो आता तुम्ही तुमच्या पायावर उभे राहा. तासावर मजुरी घेणाऱ्या लोकांची मंडळी त्या वेगाने उभी राहत नाही हो! हिवाळ्यात बांधकाम बंद पडलं की दान निम्म्यावर येतं, एखाद्या घरातला कमावता माणूस इमिग्रेशनच्या कारवाईत पकडला गेला की ते घर तर थांबतंच, पण मंडळी पदरमोड करून त्या घराचं भाडं भरते. पाळक स्वतः दिवसभर रंगकाम करून संध्याकाळी संदेश द्यायला उभा असतो आणि त्याच्या नावावर ना हेल्थ इन्शुरन्स ना पेन्शन. मला वाटतं निदान दहा वर्षांचा शब्द द्यावा, आणि रोख ग्रँटच्या आधी इन्शुरन्स आणि पेन्शन पंथाने भरावी. अँग्लो चर्चं माणसं नसताना नुसत्या जुन्या ठेवींच्या व्याजावर वर्षानुवर्षं चालू राहतात, त्यांना 'पायावर उभे राहा' असं कोणी म्हणत नाही, हे मला मनापासून खटकतं.

स्पॅनिश मंडळ्यांची वेगळी कॉन्फरन्स (पंथाचा स्वतःचा कारभार असलेला विभाग) असावी की सगळ्यांत मिसळावं? वेगळं ठेवणं हा भेदभाव वाटतो.

वरवर बघता मिसळणं चांगलं वाटतं, पण इतिहास जरा बघा. टेक्सासमध्ये प्रेस्बिटेरियनांची टेक्सास-मेक्सिकन प्रेस्बिटरी 1908 मध्ये सुरू झाली, 1955 मध्ये ती विसर्जित करून मंडळ्या इंग्लिश प्रेस्बिटरीत घातल्या. कॅलिफोर्नियातल्या मेथडिस्टांच्या लॅटिन अमेरिकन कॉन्फरन्सचं पुढच्याच वर्षी तेच झालं. दोन्ही वेळा एकतेच्या नावाखाली झालं, आणि दोन्ही वेळा स्पॅनिश पाळकांच्या हातातून नेमणुका, पैसा, तरुणांची शिबिरं ठरवण्याचा अधिकार गेला. याउलट टेक्सास आणि न्यू मेक्सिकोची रिओ ग्रांदे कॉन्फरन्स टिकली, तिथे स्पॅनिश बोलणाऱ्या माणसाने कॉन्फरन्स चालवायला शिकायची जागा होती. 2015 मध्ये तीही साउथवेस्ट टेक्सास कॉन्फरन्सशी जोडली जाऊन रिओ टेक्सास झाली, पण या वेळी दोन्ही कॉन्फरन्सनी स्वतः मत देऊन.

आणि वेगळं ठेवूनही वरचा माणूस अँग्लोच असेल तरी उपयोग नाही. फ्रान्सिस्को ओलासाबाल हा केवढा मोठा प्रचारक, 1923 मध्ये असेंब्लीज ऑफ गॉड सोडून गेला ते याच भांडणावरून, मेक्सिकन मंडळ्यांचा कारभार मेक्सिकनांच्या हातात का नाही. 1939 मध्ये देमेत्रिओ बासान असेंब्लीजच्या स्पॅनिश मंडळ्यांचे सुपरिंटेंडंट झाले तेव्हा कुठे ते बदललं. म्हणून वेगळं की एकत्र याच्या आधी विचारा की नेमणुका कोण करतं आणि बजेटवर सही कोणाची.

2025 पासून आमच्या स्पॅनिश मंडळीतले लोक चर्चला यायला घाबरतात. चर्च म्हणून काय करू शकतो? शिवाय आमच्या बाल-सुरक्षा धोरणात सगळ्या स्वयंसेवकांचं बॅकग्राउंड चेक लागतं, त्यात सोशल सिक्युरिटी नंबर मागतात, म्हणून शिक्षक मिळत नाहीत. (नॉर्थ कॅरोलायना)

भीती खरी आहे. चर्च, शाळा, हॉस्पिटल अशा ठिकाणी इमिग्रेशनची कारवाई शक्यतो टाळायची असं सरकारी धोरण बरीच वर्षं होतं, ते जानेवारी 2025 मध्ये मागे घेतलं गेलं, आणि त्यानंतर महिन्याभरात ख्रिस्ती आणि यहुदी मिळून 27 संघटना त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. तुमचा पंथ त्यात आहे का, त्याने मंडळ्यांना काय सूचना दिल्यात, हे आधी मागवा.

मग एखाद्या इमिग्रेशन वकिलाला चर्चमध्ये बोलवा आणि दोन्ही मंडळ्यांना एकत्र बसवा, कारण दारात उभा राहणारा उशर बहुतेक इंग्लिश मंडळीतला असतो. न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट आणि खात्याच्या अधिकाऱ्याच्या सहीचा कागद यात काय फरक, इमारतीचा कोणता भाग सार्वजनिक आणि कोणता खासगी, कोणी काय बोलायचं, कोणाला फोन करायचा, हे लिहून दारापाशी ठेवा. आईवडिलांना ताब्यात घेतलं तर मुलं कोणाकडे जातील याचे कागद आधीच करून ठेवायला मदत करा, नोटरी, फॉर्म, झेरॉक्स, हे काम आपल्या मराठी लोकांना उत्तम जमतं. सभासदांच्या याद्या, पत्ते, उपासनेचे फोटो फेसबुकवर टाकणं थांबवा, लाइव्ह दाखवायचं तर कॅमेरा फक्त व्यासपीठावर ठेवा.

बॅकग्राउंड चेकचं: मुलांच्या सुरक्षेत तडजोड नको, ती त्यांच्याही मुलांची सुरक्षा आहे. पण तुमच्या विमा कंपनीला आणि पंथाच्या ऑफिसला लेखी विचारा की नंबर नसलेल्या माणसासाठी दुसरी कोणती पडताळणी चालेल, तोपर्यंत प्रत्येक वर्गात दोन मोठी माणसं, दाराला काच, आणि पडताळणी झालेला एकजण हजर, असं चालवा. शिक्षिकेला मात्र कधीही सगळ्यांसमोर 'तुझा नंबर नाही का?' असं विचारू नका.

आमच्या स्पॅनिश मंडळीतली मुलं इंग्लिशच बोलतात, स्पॅनिश उपासनेत कंटाळतात आणि इंग्लिश उपासनेत त्यांना आपलं कोणी वाटत नाही. पाळक म्हणतात स्पॅनिश टिकलीच पाहिजे. कोणाचं ऐकायचं?

तुमच्या पत्रावरून वाटलं की मुलांना अजून कोणी विचारलेलंच नाही. अमेरिकेतल्या लॅटिनोंपैकी बहुसंख्य आता तिथेच जन्मलेले आहेत, त्यामुळे हा प्रश्न प्रत्येक स्पॅनिश मंडळीपुढे आज ना उद्या येतोच. पाळकांचं दुःखही समजून घ्या, आजी ज्या भाषेत प्रार्थना करते ती नातवाला कळली नाही तर घरात काहीतरी तुटतं. पण भाषा टिकवायचं सगळं ओझं रविवारच्या उपासनेवर टाकलं तर मुलं भाषाही सोडतील आणि चर्चही.

मी म्हणेन गाणी दोन्ही भाषांत ठेवा, एक कडवं इकडे एक तिकडे, मुलांना तसंही तसंच बोलायची सवय असते. वचन एका भाषेत वाचा आणि पडद्यावर दुसऱ्या भाषेत दाखवा, संदेशाच्या वेळी तरुणांचा गट इंग्लिशमध्ये वेगळा बसू दे पण प्रभुभोजनाला सगळे परत एकत्र. आणि ही मुलं दोन्ही भाषा बोलतात म्हणून घरात आधीच वकिलाची पत्रं, डॉक्टरचे रिपोर्ट, शाळेचे फॉर्म आईवडिलांना समजावून सांगत असतात, चर्चमध्ये मात्र त्यांना फक्त खुर्च्या लावायला बोलावतात. सतरा-अठरा वर्षांच्या दोघांना पंथाच्या वार्षिक सभेला प्रतिनिधी म्हणून पाठवा, प्रवासखर्च इंग्लिश मंडळीने द्यावा, आणि परत आल्यावर त्यांना दोन्ही मंडळ्यांसमोर उभं करून तिथे काय ठरलं ते सांगायला लावा, आजीसाठी स्पॅनिशमध्ये आणि बाकीच्यांसाठी इंग्लिशमध्ये.